संगणक आत घेत नाही, तेव्हा नेमके काय होते?



'आज संगणक आत घेत नाही, उद्या या.' हे वाक्य गट कार्यालयात आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले आहे. पाण्याची पाळी सोडून, कामधंदा टाकून आलेल्या माणसाला उद्या या म्हटले की राग येतो, आणि तो येणे साहजिक आहे. पण संगणक आत का घेत नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यालाही नसते. मग 'मुद्दाम बंद ठेवलाय', 'आत वशिल्याच्या नोंदी चालल्यात' अशी कुजबूज सुरू होते. कारखाना आपला आहे, तसा त्यातला संगणकही आपलाच. तेव्हा त्याचे अडते कुठे आणि अडल्यावर काय करावे, हे सभासदांनाही कळले पाहिजे. म्हणून हा लेख.

प्रथम घडलेली एक गोष्ट सांगतो.

मागच्या एका हंगामात सकाळी नऊच्या सुमारास एका गट कार्यालयातून आमच्या संगणक विभागात फोन आला. रात्रभर लाईट नव्हती, पहाटे आली होती. ऊसनोंदीच्या दुरुस्तीसाठी आठ-दहा सभासद येऊन बसले होते. त्यातल्या एकाच्या आडसाली उसाची लागण तारीख दोन महिने पुढची पडली होती. संध्याकाळी तोडणी कार्यक्रमाची यादी निघणार होती. त्याआधी तारीख दुरुस्त झाली नाही, तर त्या बिचाऱ्याची तोड उगाच मागे जाणार होती.

लिपिकाने संगणक सुरू केला, आपले नाव आणि पासवर्ड टाकला. पडद्यावर दोन ओळींचा संदेश आला आणि आत जाता येईना. त्याने पहिले चार शब्द वाचले आणि सांगितले, "पासवर्ड चालंना." मग काय, सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणाले, "जोरात दाबा." कोणी म्हणाले, "बंद करून चालू करा." त्याने वैतागून पासवर्ड उलटसुलट करून सात-आठ वेळा टाकला. मग एक जण म्हणाला, "दुसऱ्याच्या नावानं घुसा की!" रजेवर असलेल्या दुसऱ्या लिपिकाचा पासवर्ड टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर होताच. तोही टाकून झाला. संगणक हटून बसला.

मी अकराला पोचलो आणि संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात पासवर्डाचा शब्दही नव्हता. या संगणकाची वेळ आणि कार्यालयाच्या जाळ्याची वेळ जुळत नाही, असे तो सरळ सांगत होता. तारीख पाहिली तर कित्येक वर्षे मागची! संगणकाच्या पोटात बटणाएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. लाईट नसली तरी घड्याळ चालू ठेवायचे काम तिचे. ती संपली होती आणि रात्री लाईट गेल्यावर घड्याळ मागे पळाले होते. बॅटरी बदलली, वेळ लावली. तरीही संगणक आत घेईना! कारण एवढ्यात सात-आठ वेळा चुकीचा पासवर्ड टाकून दोन्ही लिपिकांच्या नावांना कुलूप लागले होते. मुख्य कार्यालयातून ते काढून घ्यावे लागले. दुपारी दीडला काम सुरू झाले आणि त्या सभासदाची लागण तारीख यादी निघायच्या आत दुरुस्त झाली. पण साडेचार तास गेले. पहिला बिघाड बॅटरीचा होता, दुसरा आपण घाईने करून ठेवलेला होता.

लॉगिन म्हणजे काय?

पूर्वी कार्यालयातला संगणक एकटा असे. आता गट कार्यालयातला संगणक वायरने किंवा फोनच्या लाईनीने कारखान्याच्या मुख्य संगणकाला जोडलेला असतो. या मुख्य संगणकाला सर्व्हर म्हणतात. कोण कर्मचारी आहे, त्याचा पासवर्ड काय, त्याला कोणते काम करायची मुभा आहे, याची यादी सर्व्हरपाशी असते. गटातला संगणक फक्त विचारणारा.

वजनकाट्याची उपमा घ्या. गाडी काट्यावर येते तेव्हा काटेवाला गाडीवानाचा चेहरा बघून वजन लिहीत नाही. चिठ्ठी बघतो, नंबर बघतो, मग गाडी आत घेतो. लॉगिनचेही तसेच. तुम्ही नाव आणि पासवर्ड टाकता. संगणक वाटेत सर्व्हर कुठे आहे ते शोधतो. सर्व्हर ओळख पटवतो आणि तोडचिठ्ठीसारखे एक तिकीट देतो, ज्यावर वेळ घातलेली असते. हे तिकीट दाखवून मग ऊसनोंद, बिले, साखर वाटप असे एकेक दार उघडते. यात माणूस, संगणक, वाट आणि सर्व्हर अशी चार ठिकाणे आली. बिघाड या चारांपैकीच कुठेतरी असतो. कुठे, ते क्रमाने पाहायचे.

पहिले काम : संदेश पुरता वाचा

आत घेत नाही तेव्हा संगणक गप्प बसत नाही, कारण सांगतो. नाव किंवा पासवर्ड चुकला, नावाला कुलूप लागले, पासवर्डाची मुदत संपली, सर्व्हर सापडत नाही, घड्याळ जुळत नाही, संगणकाचे आणि सर्व्हरचे विश्वासाचे नाते तुटले, हे सगळे संदेश वेगवेगळे आहेत. प्रत्येकाचे औषध वेगळे. संदेश कागदावर उतरवून घ्यावा किंवा मोबाईलवर फोटो काढावा आणि तोच फोनवर वाचून दाखवावा. 'चालत नाही' एवढेच सांगितले, तर डॉक्टरला 'बरं वाटत नाही' सांगितल्यासारखे होते.

दुसरे काम : बोटांखाली पाहा

पासवर्ड खरोखरच चुकला असेल तर बहुतेक वेळा दोष कळफलकावर असतो. मोठ्या अक्षरांचे बटण चुकून दाबले गेले की सगळी अक्षरे बदलतात. बाजूच्या आकड्यांचे बटण बंद असले की आकडे उमटतच नाहीत. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे मराठी-इंग्रजी. आदल्या दिवशी मराठीत पत्र लिहिले, कळफलक मराठीवरच राहिला, आणि सकाळी इंग्रजी पासवर्ड टाकताना आत भलतीच अक्षरे गेली. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक ध्यानात येत नाही. नावाच्या चौकटीत दोन-चार भलती अक्षरे टाकून पाहावीत, म्हणजे काय उमटते ते कळते. पासवर्ड मात्र त्या चौकटीत टाकू नये, मागे रांग असते.

आणखी एक. नावाच्या खाली कोणत्या जागी लॉगिन होत आहे ते लिहिलेले असते. दुरुस्तीहून आलेला संगणक पुष्कळदा कारखान्याच्या जाळ्याऐवजी स्वतःच्याच यादीत नाव शोधत असतो. तिथे ते नाव नसते, मग पासवर्ड कितीही बरोबर असो.

तिसरे काम : अडले कोणाचे, एकाचे की सगळ्यांचे?

ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि निम्मे निदान तिथेच होते. त्याच संगणकावर दुसऱ्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने आत जाऊन पाहावे आणि लगेच बाहेर यावे. पहिल्याने दुसऱ्या संगणकावर जाऊन पाहावे. माणूस दोन्हीकडे अडला, तर दोष त्याच्या खात्यात. एका संगणकावर सगळेच अडले, तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या वायरीत. कार्यालयातले सगळे संगणक अडले, तर वाटेत. आणि शेजारच्या गट कार्यालयातही तीच रड असेल, तर सर्व्हरपाशी. विहिरीवरची मोटर चालू असून पाणी येत नसेल तर आपण आधी पाईप कुठे फुटला ते चालत जाऊन बघतो, मोटर खोलत नाही. तसेच हे.

खात्याचे दोष

नावाला कुलूप लागणे हा दोष नसून राखण आहे. कोणी परका माणूस अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नये म्हणून ठरावीक चुकांनंतर नाव काही वेळ बंद होते. किती चुका आणि किती वेळ, हे प्रत्येक कार्यालय ठरवते. कुलूप लागल्यावर पुन्हा पुन्हा टाकत बसण्यात अर्थ नाही. थांबावे आणि मुख्य कार्यालयाला कळवावे. काही वेळा कुलूप काढले तरी तासाभरात पुन्हा लागते. मग समजावे की जुना पासवर्ड दुसऱ्या कुठेतरी साठवलेला आहे. कर्मचाऱ्याचा मोबाईल किंवा चालू राहिलेला दुसरा संगणक तो जुना पासवर्ड आपोआप पाठवत राहतो आणि माणूस नाहक कोड्यात पडतो.

मुदतीचा प्रश्न आपल्या धंद्यात जास्त येतो. हंगामी कर्मचारी गळीत संपल्यावर घरी जातात आणि पुढच्या हंगामात परत येतात. तोवर पासवर्डाची मुदत संपलेली असते, किंवा खाते बंद ठेवलेले असते आणि ते ठेवणेच योग्य. म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यात 'आत घेत नाही'ची ओरड सर्वांत जास्त. मोळी टाकण्याच्या आधी आठवडाभर सर्व हंगामी नावे एकदा तपासून घेतली, तर ही ओरड होणार नाही.

वाटेचे दोष

वायर जिथे संगणकात शिरते तिथे लहान दिवे असतात. ते लागलेच नसतील तर वायर निसटली, उंदराने कुरतडली किंवा पेटीची वीज गेली, असे समजावे. झाडलोट करताना पाय लागून निसटलेली वायर आम्ही कितीदा बसवून दिली आहे! दिवे लागूनही अडले तर संगणकाला जाळ्यातला पत्ता मिळाला आहे की नाही ते आमचा माणूस पाहतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ कोणी पत्ता दिला नाही म्हणून संगणकाने स्वतःच एक घेतला. म्हणजे पत्ता वाटणाऱ्या यंत्रापर्यंत त्याची हाक पोचलीच नाही.

इथे एक गंमत होते आणि तिच्यावरून भांडणेही होतात. वाट बंद असूनही जुना लिपिक आत जातो आणि नवा बदलून आलेला अडतो. लोक म्हणतात, संगणकही माणूस बघून वागतो. खरी गोष्ट अशी की पूर्वी यशस्वीपणे आत गेलेल्यांची खूण संगणक स्वतःजवळ ठेवतो. विंडोज पद्धतीत मुळात शेवटच्या १० जणांची खूण ठेवलेली असते. सर्व्हर सापडला नाही तर तो त्या खुणेवर आत घेतो. नव्या माणसाची खूण नसते, म्हणून तो बाहेर. याच कारणाने, काल मुख्य कार्यालयात पासवर्ड बदलला आणि आज गटात वाट बंद आहे, तर तिथे जुनाच पासवर्ड चालतो.

दुसरी फसगत म्हणजे 'इंटरनेट चालतंय, मग लॉगिन का नाही?' संगणक सर्व्हरला नावावरून शोधतो आणि नावाचा पत्ता सांगणारे एक यंत्र जाळ्यात असते. कोणी हौशी माणसाने सेटिंग बदलून पत्ता विचारायला बाहेरच्या कंपनीकडे पाठवले, तर ती साऱ्या जगाचे पत्ते सांगते, पण आपल्या कारखान्याच्या आतल्या सर्व्हरचा पत्ता तिला माहीत नसतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला आपल्या वस्तीवरचे घर विचारावे, तसला प्रकार. तेव्हा सेटिंगला परस्पर हात लावू नये.

घड्याळाचे दोष

वर सांगितलेल्या गोष्टीत घड्याळाने घोटाळा केला. पण लॉगिनचा आणि घड्याळाचा संबंध काय? तोडचिठ्ठीवर तारीख नसती, तर कालची चिठ्ठी आज पुन्हा दाखवून कोणीही गाडी आत घातली असती. सर्व्हरच्या तिकिटाचेही तसेच. वाटेत कोणी ते चोरून नक्कल केली, तर ती थोड्याच वेळात निकामी व्हावी म्हणून वेळ तपासतात. या पद्धतीचे नाव कर्बेरॉस. ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे हे नाव. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ती तयार झाली आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन जाळ्यासाठी स्वीकारली. त्यात दोन्हीकडच्या घड्याळांत मुळात ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे तिकीट नाकारले जाते.

घड्याळ हाताने बरोबर लावूनही अडले, तर देशाची वेळ तपासावी. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. संगणकावर दुसऱ्याच देशाची वेळ निवडलेली असेल, तर काटे बरोबर दिसतात पण सर्व्हरच्या हिशेबी तासांचा फरक राहतो. आणि दर वेळी लाईट गेल्यावर तारीख मागे जात असेल, तर नुसती वेळ लावत बसू नये. बॅटरी बदलावी. एवढ्याशा बॅटरीसाठी अख्ख्या गटाचे काम अडवणे हा शहाणपणा नव्हे.

विश्वासाचे नाते

हा संदेश वाचून एक गटप्रमुख मला म्हणाले, "अहो, आमच्या नात्याचं संगणकाला काय?" नाते माणसाचे नाही, संगणकाचे आहे. आपल्यासारखा संगणकाचाही सर्व्हरपाशी एक गुप्त पासवर्ड असतो. मुळातल्या व्यवस्थेत तो दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. नुसता बंद राहिल्याने हे नाते तुटत नाही. म्हणजे गळीत नसताना चार-सहा महिने झाकून ठेवलेला संगणक निर्धास्त सुरू करावा. मात्र बिघडलेला संगणक जुन्या प्रतीवरून पुन्हा उभा केला, तर त्याच्याजवळ जुना पासवर्ड आणि सर्व्हरपाशी नवा, अशी गत होते. किंवा यादी साफ करताना कोणी त्याचे नावच काढून टाकले, तरी तेच. यावर गटात उपाय नाही. आम्हाला कळवावे, आम्ही नाते पुन्हा जोडून देतो.

दुसऱ्याच्या नावाने आत जाऊ नका, जायला लावू नका

आता सभासदांच्या हिताची मुख्य गोष्ट. 'दुसऱ्याच्या नावानं घुसा' हा सल्ला देणारा चांगल्या मनानेच देतो. पण विचार करा. लागण तारीख, उसाची जात, क्षेत्र या नोंदींवर आपल्या तोडीचा क्रम ठरतो. त्यातली एखादी नोंद कोणी बदलली, तर कोणी आणि कधी बदलली हे संगणक लिहून ठेवतो. उद्या आपल्या एकराची वीस गुंठे झाली, तर दाद मागायला तोच एक पुरावा आहे. सगळे एकाच नावाने काम करत असतील, तर पुराव्याची माती झाली. करणारा सुटला आणि रजेवर असलेला निरपराध माणूस अडकला.

पासवर्डाची कल्पना निघाली तीच मुळी यासाठी. १९६१ च्या सुमारास एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने अनेकांनी मिळून एकच संगणक वापरण्याची पद्धत तयार केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. तिथेही १९६६ साली एका चुकीमुळे सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच आत येणाऱ्या प्रत्येकासमोर आली होती! तेव्हा चुका मोठ्यांच्याही होतात. आपण काचेखाली चिठ्ठी ठेवून मुद्दाम करू नयेत, एवढेच.

चिठ्ठी ठेवावी लागते ती अवघड पासवर्ड सारखा बदलायला लावल्यामुळे, ही लिपिकांची तक्रारही खोटी नाही. २०१७ साली अमेरिकेच्या प्रमाण संस्थेनेही सल्ला दिला की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, लांब पण ध्यानात राहील असा असावा. आपल्याच शिवारातले चार असंबद्ध शब्द जोडले तरी चांगला पासवर्ड होतो. मुलाचे नाव आणि जन्मसाल मात्र नको, ते साऱ्या गावाला ठाऊक असते.

तोवर काम थांबू नये

संगणक अडला म्हणून ऊस थांबत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, साखर घटते, आणि तो तोटा तुमचा-आमचा सगळ्यांचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बिलासाठी ऊस पोचल्यापासून १४ दिवसांची मुदत घालून दिली. त्यात 'लॉगिन झाले नाही' ही सबब लिहिलेली नाही. म्हणून प्रत्येक गट कार्यालयात दुरुस्तीची वही असावी. संगणक बंद असेल तर सभासदाचे नाव, गट नंबर, दुरुस्ती काय, तारीख आणि वेळ वहीत लिहून कार्बनची प्रत सभासदाला द्यावी. सुरू झाल्यावर वहीच्या क्रमाने नोंदी कराव्यात. कार्बनची प्रत हातात असलेला सभासद 'उद्या या' ऐकून चिडत नाही, कारण त्याचा नंबर धरलेला असतो.

ऊस उत्पादकापर्यंत संगणक नेण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. १९९८ साली वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रे काढून ऊसनोंद, तोड आणि वजनाची माहिती गावातच देण्याची योजना सुरू झाली. पुढे काही गावांत मोबाईलच्या संदेशांवर तेच काम चालवून पाहिले गेले. यंत्र बदलत राहील. सभासदाला हवी ती माहिती वेळेवर आणि खरी मिळाली पाहिजे, हे बदलत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'आत घेत नाही' असे ऐकले, तर रागावण्याआधी तीन प्रश्न विचारा. संदेश काय आला? एकाचंच अडलंय की सगळ्यांचं? घड्याळ बरोबर आहे का? लिपिकालाही मदत होईल आणि खोटी सबब असेल तर तीही उघडी पडेल. आणि वहीत नोंद करून कार्बनची प्रत घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.

लिपिक पासवर्ड टाकत असताना मात्र दुसरीकडे पाहावे, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.